नोटेवरचं माकड

आमच्या लंडनच्या घरात सिंकखाली पाणी गळायला लागलं म्हणून प्लंबर बोलावला, तर प्लंबरकाका वाकले आणि म्हणाले, "लेट्स हॅव अ बुचर्स!" शुद्ध शाकाहारी घरात सकाळी सकाळी खाटीक?? तर म्हणे ही कॉकनी रायमिंग स्लँग, लंडनच्या सामान्य लोकांची यमकांची बोली: बुचर्स हुक म्हणजे खाटकाचा आकडा, हुकला यमक लुक, म्हणजे बघणं, आणि मग ज्याच्यामुळे यमक जुळतं तो हुकच बोलताना गाळायचा. म्हणजे कुलूप लावा नि किल्ली विहिरीत टाका.

बरं हे सुरू केलं कोणी? काका म्हणतात चोरांनी, पोलिसांना कळू नये म्हणून. त्यांचा हेल्पर म्हणतो छे, बाजारातल्या भाजीवाल्यांनी. १८५९ साली जॉन कॅम्डन हॉटनने स्लँगचा कोश छापला, तो हे खापर रस्त्यावर ओरडून गाणी विकणाऱ्यांवर फोडतो. तिघंही एकदम ठाम!

काहींचा पत्ता लागतो म्हणा. करीला रुबी म्हणतात कारण करीला यमक बेलफास्टची गायिका रुबी मरे (उच्चार ‘मरी’), १९५५ मध्ये एकाच आठवड्यात तिची पाच गाणी टॉप ट्वेंटीत होती, आणि एवढं गाऊन बिचारी शेवटी चिकन टिक्का मसाल्यात. पण ॲरिस? पार्श्वभागाचा जो असभ्य इंग्रजी शब्द आहे त्याला यमक ग्लास, म्हणून बॉटल अँड ग्लास, ग्लास गाळला, उरली बॉटल, तिला यमक ॲरिस्टॉटल, त्याचंही शेपूट तोडलं की ॲरिस. म्हणजे ग्रीसपर्यंत जाऊन परत जवळपास त्याच असभ्य शब्दावर, मग घरीच बसायचं ना!

खरा वैताग मंकीचा. मंकी म्हणजे पाचशे पाउंड, इथे यमकबिमक काही नाही. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणे हे तुमच्याकडचंच, भारतातून परतलेल्या सोल्जरांनी आणलं, तुमच्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं. अहो ब्रिटिश काळातल्या नोटांवर राणी व्हिक्टोरिया होती, पुढे पाचवा जॉर्ज होता, माकड कुठेच नव्हतं! मोबाईलवर व्हिक्टोरियाची नोट काढून दाखवली तर म्हणतात, "मागच्या बाजूला असेल." मागची बाजू कोरी असायची हो त्या नोटेची, एकाच बाजूला छापायचे. हे सांगितल्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माकड मीच खोडून टाकलंय.

मग बिल. पार्टचे एक पोनी, म्हणजे पंचवीस पाउंड. मजुरी वेगळी, आणि ती मात्र स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत, दोनदा सांगितली.