बायोफीडबॅकचं यंत्र शरीर ‘दुरुस्त’ करत नाही

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: बायोफीडबॅक यंत्र शरीरातल्या लहरी दुरुस्त करतं, दहा बैठकांत बीपी, मायग्रेन, मधुमेह जातो, गोळ्या बंद करा, अभिनव बिंद्राला सुवर्णपदक त्यानेच मिळालं. तो वाचून माझ्या आत्याने चार दिवस बीपीची गोळी घेतली नाही. मी फिजिओथेरपिस्ट, हे यंत्र रोज हाताळते. गप्प बसवेना.

लहरी दुरुस्त? यंत्र शरीरात काहीच सोडत नाही. ते मोजतं आणि दाखवतं. परवा एका बाईंच्या गालाच्या स्नायूवर सेन्सर लावले. स्नायूचा ताण वाढला की आवाज चढतो. “मी सैलच आहे हो,” त्या म्हणत होत्या आणि आवाज काही उतरेना. दात एकमेकांपासून सुटे करा म्हटलं, तर झर्रकन खाली आला. आपण दिवसभर दात आवळून बसतो हे त्यांना त्या क्षणी कळलं. आता घरी, यंत्राशिवाय, तेवढंच करायचंय.

बीपी: मिनिटाला साधारण सहा श्वास असा सराव नेटाने केला तर काहींचं बीपी थोडं उतरतं. थोडंच. गोळीचं डॉक्टरांनीच ठरवायचं. मायग्रेनमध्ये मात्र खरंच दम आहे, झटके कमी होतात. ‘कायमचा जातो’ हे खोटं. मधुमेह बरा होतो हेही खोटं.

बिंद्रांनी बायोफीडबॅक वापरलं, हे खरं. पण 2008 मध्ये बीजिंगला 10 मीटर एअर रायफलचं सुवर्ण आलं ते वर्षानुवर्षांच्या रोजच्या नेमबाजीवर. श्वास कुठे अडतोय, ठोका कधी पडतोय, हे यंत्र दाखवील; चाप नेमबाजालाच ओढायचा असतो. ग्वाल्हेरात 1957 पासून शारीरिक शिक्षणाची एवढी मोठी संस्था आहे, तिथल्या कुठल्याही खेळाडूला विचारा.

आणि जिथे हे तंत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, ते कुणी पुढे पाठवतच नाही, कारण बोलायला लाज वाटते. जोर लावताना गुदाचा स्नायू सैल होण्याऐवजी आवळला जातो, त्यातून होणारी जुनाट बद्धकोष्ठता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत 109 रुग्ण होते. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकवाल्यांपैकी 80 टक्क्यांना मोठा आराम होता, रेचक घेणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांना. वर्षानुवर्षं चूर्णं खाणारी कितीतरी म्हातारी माणसं आपल्याच घरांत आहेत. त्या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.