फ्लाइट नंबर म्हणजेच कॉलसाइन? नाही, आणि का नाही ते सांगतो

ऑनलाइन फ्लाइट सिम उडवणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत परत फिरतोय. त्यात म्हटलंय की फ्लाइट नंबर आणि कॉलसाइन (विमानाला रेडिओवर हाक मारायचं नाव) एकच, तिकिटावर छापलेलं असतं तेच व्हॅटसिमवर (सिमवाले पायलट आणि कंट्रोलर जिथे एकत्र येतात ते ऑनलाइन नेटवर्क) टाका आणि तेच रेडिओवर बोला, आकड्यांमागे अक्षरं लावणारे उगाच स्टाइल मारतात, विमान मोठं असेल तर शेवटी एच जोडा, आणि कंट्रोलरची काळजी करू नका, त्याला स्क्रीनवर सगळं दिसतंच. नवीन मुलं हे वाचून तसंच लॉगिन करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, "दोन्ही एकच". नाही. फ्लाइट नंबर हा तिकीट विकण्यासाठी असतो, आयाटाचा (एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेचा) दोन अक्षरी कोड आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. कॉलसाइन ही आत्ता या क्षणी हवेत असलेल्या एका विमानाची ओळख. कोडशेअर आठवा, म्हणजे एकाच फ्लाइटची तिकिटं अनेक कंपन्या आपापल्या नंबराने विकतात, विमान एकच पण आतल्या कुणाच्या तिकिटावर ब्रिटिश एअरवेजचा नंबर, कुणाच्या अमेरिकनचा, कुणाच्या आयबेरियाचा, मग कंट्रोलरने हाक कुठल्या नंबराने मारायची? उलटंही घडतं. कालची फ्लाइट लेट होत होत आज निघाली आणि आजची वेळेवर सुटली तर एकाच नंबरची दोन विमानं एकाच वेळी वर असतात, तेव्हा एकीचा कॉलसाइन बदलावाच लागतो. आणि रिकामं विमान नुसतं दुसऱ्या विमानतळावर न्यायचंय तर विकायला तिकीटच नाही, कॉलसाइन मात्र हवाच.

हा घोळ होण्याचं एक कारण मला पटतं. एअरबसच्या कॉकपिटमधल्या कॉम्प्युटरच्या इनिट पेजवर (उड्डाणाआधी माहिती भरायचं पान) रकान्याचं नाव 'फ्लाइट नंबर' असंच आहे, पण तिथे भरायचा असतो कॉलसाइन, कारण तोच ट्रान्सपॉन्डरमधून (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) मोड एस सिग्नलने बाहेर जातो आणि तो फ्लाइट प्लॅनच्या आयटम ७ शी (कॉलसाइन लिहायचा रकाना) तंतोतंत जुळायला लागतो.

दुसरा, "तिकिटावरचंच टाका, तेच बोला". अहो, तिकिटावरचं, प्लॅनमधलं आणि रेडिओवरचं अशी तीन रूपं असतात. ब्रिटिश एअरवेजचं बीए ११७ हे तिकिटावर. प्लॅनमध्ये इकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) तीन अक्षरी कोड लागतो, म्हणजे बीएडब्ल्यू११७, मध्ये डॅश नाही, स्पेस नाही, एकूण सातच अक्षरं-आकडे मावतात. आणि बोलताना स्पीडबर्ड. एअर लिंगस शॅमरॉक होते, चायना एअरलाइन्स डायनॅस्टी, इंडिगो आयफ्लाय. त्यामुळे फ्रिक्वेन्सीवर "सिक्स ई" (इंडिगोचा तिकिटावरचा कोड) म्हणून कुणी हाक मारली की कंट्रोलरला आधी शोधावं लागतं की हा कोण. हडसन नदीत उतरलेलं विमान सगळ्यांना माहितीय, १५ जानेवारी २००९, बातम्यांमध्ये यूएस एअरवेज १५४९, पण रेडिओवर ते कॅक्टस १५४९ होतं. कारण अमेरिका वेस्टशी विलीन झाल्यावर कंपनीने तिकडचा कॉलसाइन ठेवला.

दोन अक्षरी कोड टाकून लॉगिन केल्याचा फटका आजूबाजूच्या पायलटांनाही बसतो. व्हीपायलटसारखा क्लायंट (सिमला व्हॅटसिमशी जोडणारं सॉफ्टवेअर) कॉलसाइनच्या पहिल्या तीन अक्षरांवरून एअरलाइन ओळखून तिची लिव्हरी (रंगरूप) लावतो, तिथे इकाओ कोडच नसेल तर दुसऱ्यांना तुमचं विमान भलत्याच रंगात दिसतं.

आता तिसरा, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, "अक्षरंवाले कॉलसाइन सिमवाल्यांनी काढलेली फॅशन आहे". खऱ्या आकाशात, विशेषतः युरोपात, ते रोज सर्रास वापरले जातात, बीएडब्ल्यू४केटी असा प्लॅन आणि बोलताना स्पीडबर्ड फोर किलो टँगो. कारण सुरक्षेचं आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच कंपनीची २३१, २१३ आणि १२३ आली की एकाची क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) दुसरा घेऊन मोकळा होतो. यूरोकंट्रोलने (युरोपातल्या हवाई वाहतुकीचा समन्वय करणारी संस्था) एअरलाइन्सच्या वेळापत्रकातले असे सारखे कॉलसाइन आधीच शोधून बदलण्यासाठी वेगळी सेवाच चालवलीय. वरचंच हडसनचं उदाहरण बघा ना, पक्षी आदळल्यावर कॅप्टनच्या तोंडून कॅक्टस १५३९ गेलं आणि पुढे कंट्रोलर १५२९ म्हणाला, दोघंही मुरलेले आणि दोघांनाही कळत होतं कुणाबद्दल बोलणं चाललंय, तरी आकडे घसरले. मग व्हॅटसिमवर गर्दीच्या इव्हेंटच्या रात्री, जिथे निम्मे लोक शिकतायत आणि माइक धड नाहीत, तिथे काय होत असेल? शिवाय व्हॅटसिमवर एक कॉलसाइन एका वेळी एकालाच मिळतो. लोकप्रिय फ्लाइटचा नंबर कुणीतरी आधीच घेतलेला असतो, तेव्हा नेटवर्कच सांगतं की दुसरा निवडा.

एक स्पष्ट करतो, बीएडब्ल्यू११७ घेऊन उडणं अजिबात चूक नाही. कितीतरी फ्लाइट्सचा, खास करून लांब पल्ल्याच्या, आकडा तिकिटावर आणि कॉलसाइनमध्ये एकच असतो. चूक आहे ती तेवढंच खरं आणि बाकी सगळं खोटं म्हणण्यात. आणि कुठलाही घेतलात तरी पूर्ण बोला. एअरलाइनचं नाव आणि फ्लाइटची ओळख अशा कॉलसाइनला इकाओच्या नियमात छोटं रूपच नाही, त्यामुळे नुसतं "फोर किलो टँगो" किंवा नुसतं "स्पीडबर्ड" म्हणून रीडबॅक (कंट्रोलरची सूचना परत बोलून दाखवणं) द्यायचा नाही. छोटं रूप खाजगी विमानांच्या रजिस्ट्रेशनला चालतं, तेही कंट्रोलरने आधी वापरलं तरच.

एच जोडण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. हेवी हा शब्द १३६ टन आणि वरच्या विमानांनी पहिल्या संपर्कात कॉलसाइननंतर बोलायचा असतो, ए३८० असेल तर सुपर. लिहिताना ती माहिती फ्लाइट प्लॅनच्या आयटम ९ मध्ये विमानाच्या प्रकारापुढे जाते. कॉलसाइनला एच चिकटवला तर तो सरळ दुसराच कॉलसाइन झाला, आणि कंट्रोलर शेवटी "होटेल" म्हणणार.

राहिलं "कंट्रोलरला दिसतंच". दिसतं, पण हाक त्याला कानांनी ऐकू येते आणि मग स्क्रीनवरच्या वीसेक टॅगमधून (विमानाशेजारची कॉलसाइनची पट्टी) तुमचा टॅग डोळ्यांनी शोधायचा असतो. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं तर एका क्षणात सापडतं, नाहीतर "कोण बोलतंय, परत सांगा" यात फ्रिक्वेन्सी अडते आणि फायनलवरचा, म्हणजे उतरायला आलेला, पायलट वाट बघत बसतो. व्हॅटसिमवरची ही सगळी कंट्रोलर मंडळी स्वतःचा वेळ देऊन कंट्रोल करतात, पगार नाही काही नाही. व्हर्च्युअल एअरलाइनचा (सिमवाल्यांनी बनवलेल्या कंपनीचा) कोड अनोळखी असेल तर प्लॅनच्या रिमार्क्समध्ये रेडिओवरचं नाव लिहून द्या, त्याला ते वाचून लगेच तुमच्याशी बोलता येतं.

खरा कॉलसाइन हवा असेल तर फ्लाइटरडार२४ या खरी विमानं दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइट उघडा, तिथे नंबर आणि कॉलसाइन दोन्ही वेगवेगळे दिसतात. सिमब्रीफमध्येही (सिमसाठी फ्लाइट प्लॅन बनवायची साइट) फ्लाइट नंबरचा रकाना वेगळा आणि एटीसी कॉलसाइनचा वेगळा आहे. दुसऱ्यात जे भराल तेच क्लायंटमध्ये आणि तेच इनिट पेजवर टाका, आणि कनेक्ट करण्याआधी ते रेडिओवरच्या नावासकट एकदा मोठ्याने बोलून बघा.