युनियन कोणती हे नंतर, आधी यादी दाखवा

'एक आस्थापना, एक युनियन, भांडणं बंद.' औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियनच्या मान्यतेचे नियम ठरवणारा केंद्राचा नवा कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्यापासून हे वाक्य पुण्या-मुंबईच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं आहे. पाठोपाठ ठरलेलं दुसरं वाक्य येतं: 'तुमच्या अमेरिकेत बघा, शिकलेली माणसं असल्या भानगडीत पडत नाहीत.' अमेरिकेत विमान दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे मुकाट्याने ऐकवत नाही. अमेरिकेतले विमान मेकॅनिक कित्येक वर्षं याच एका प्रश्नावर हिरिरीने भांडत आले आहेत: आमच्या वतीने बोलणार कोण?

युनायटेड एअरलाइन्सचे मेकॅनिक मशिनिस्टांच्या, म्हणजे यंत्रकामगारांच्या, आयएएम युनियनमध्ये होते. २००३ मध्ये त्यांनी ती सोडून फक्त मेकॅनिकांची असलेली आम्फा निवडली आणि २००८ मध्ये आम्फाही सोडून टीमस्टर्स या मोठ्या युनियनला आणलं. साउथवेस्ट एअरलाइन्सवाले २००३ मध्येच नेमके उलटे गेले, टीमस्टर्सकडून आम्फाकडे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये टीडब्ल्यूयू ही वाहतूक कामगारांची युनियन होती. यूएस एअरवेज ही कंपनी अमेरिकनमध्ये विलीन झाल्यावर तिने तिकडच्या आयएएमशी हातमिळवणी करून दोघींची एक असोसिएशन उभी केली. डेल्टा एअरलाइन्सच्या मेकॅनिकांना आजही युनियन नाही. चार कंपन्या, चार उत्तरं, आणि सगळे शिकलेलेच.

भांडण कशावरून, ते नीट समजून घेतलं पाहिजे. टीमस्टर्स मुळात गाडीवाल्यांची, १९०३ ची. आयएएम रेल्वेच्या मशिनिस्टांनी १८८८ मध्ये अटलांटात काढली. टीडब्ल्यूयू न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून १९३४ मध्ये उभी राहिली. आम्फा १९६२ ची. मोठ्या युनियनकडे संप निधी असतो, वकिलांची फौज असते, वॉशिंग्टनमध्ये वजन असतं. आम्फाचं म्हणणं असं की मेकॅनिकांचा करार मेकॅनिकांनीच करावा, पदाधिकारी सभासदांनी थेट निवडावेत आणि वाटाघाटी सभासदांना समोर बसून बघता याव्यात. टीमस्टर्सवाला यावर विचारतो, कंपनीने पगार थांबवला तर दुसऱ्या महिन्याचा घराचा हप्ता कोण भरणार? दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

'बॅगा चढवणाऱ्याच्या आणि माझ्या मागण्या एका टोपलीत नकोत', हे वाक्य लायसनवाल्यांच्या तोंडी नेहमीचं. त्यातला तोरा मला खटकतो, पण त्यामागचं गणित खरं आहे. लायसनवर एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) ही दोन्ही रेटिंग मिळवायला एकतर मान्यताप्राप्त शाळा करावी लागते, नाहीतर ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. मग तीन लेखी परीक्षा, तोंडी आणि प्रात्यक्षिक. आणि त्यानंतर जोखीम सुरू होते. रात्री दोन वाजता गेटवर ७३७ उभं आहे. ब्रेक लावून त्याची झीज दाखवणारी वेअर पिन बघायची. ती कडेशी सपाट आली असेल तर ब्रेक बदलायचा. चाक चढवताना ॲक्सलचं नट चाक फिरवत आधी जास्त टॉर्कला आवळायचं, मग सैल करायचं, मग पुन्हा कमी टॉर्कला आणायचं. पहिली पायरी गाळली तर बेअरिंग जागेवर बसत नाही. सैल करायचं विसरलं तर ते ताणाखाली राहून तापतं. काम पुढे ढकलायचं तर एमईएलमध्ये, म्हणजे काय बंद असताना विमान उडवता येतं त्याच्या मान्य यादीत, तसं कलम हवं आणि त्याची मुदत पाळायला हवी: बी वर्गाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२०. सकाळी सहाची फ्लाइट चुकेल म्हणून कोणी मानेवर येऊन उभं राहिलं तरी लॉगबुकात सही मेकॅनिकची असते. नोंद खोटी निघाली तर लायसन त्याचं जातं. या माणसाला पाठीशी कोण उभं राहणार याची फिकीर असणारच.

आता निवडीची पद्धत, कारण आपल्याकडच्या चर्चेत नेमकी तीच गायब असते. अमेरिकेचा १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला. (आपला ट्रेड युनियन कायदाही १९२६ चाच; त्यात युनियनच्या नोंदणीची सोय झाली, पण मालकाने तिला मान्यता द्यावी अशी सक्ती कधी अमलात आली नाही.) त्या रेल्वे कामगार कायद्याखाली निवड एका शहरापुरती, एका हँगरपुरती होत नाही. टल्सापासून मायामीपर्यंत कंपनीचे सगळे 'मेकॅनिक आणि संबंधित' कर्मचारी मिळून एकच वर्ग धरला जातो. 'संबंधित' हा शब्द हलका नाही. त्यात विमान धुणारे येतात, इमारतीची आणि रॅम्पवरच्या गाड्यांची दुरुस्ती करणारे येतात. लायसनवाल्यांनी कितीही हवा केली तरी या मंडळींना सोबत घेतल्याशिवाय आकडा जमत नाही.

सुरुवात पाठिंब्याच्या सहीच्या कार्डांपासून होते. दुसरी युनियन हवी असणाऱ्यांनी एकेका स्टेशनवर, एकेका शिफ्टला गाठून सह्या घ्यायच्या. वर्गातल्या निदान ५० टक्के लोकांची कार्डं लागतात; २०१२ च्या कायद्यापासून हा एकच उंबरठा सगळ्यांना आहे. सही आणि तारीख दोन्ही कर्मचाऱ्याच्याच हस्ताक्षरात हवी, आणि कार्ड अर्जाच्या तारखेपासून मागे एका वर्षाच्या आतलं हवं. मोहिमा इथेच मरतात. कोणी तारीख टाकत नाही, कोणाची तारीख कार्यकर्ताच भरतो, उत्साहाच्या पहिल्या महिन्यात जमलेली कार्डं शेवटचा तळ गाठेपर्यंत शिळी होतात. मग नॅशनल मीडिएशन बोर्डाचा, म्हणजे ही निवड घेणाऱ्या आणि करारांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी मंडळाचा, तपासनीस कंपनीकडून त्या वर्गाची आद्याक्षरांनुसार यादी आणि सह्यांचे नमुने मागवतो आणि कार्डं ताडून बघतो.

खरी लढाई या यादीवर होते. ले-ऑफवर असलेला, परत बोलावला जाण्याचा हक्क असलेला माणूस यादीत येतो. तो दोन राज्यं सोडून दुसरीकडे काम करत असतो, त्याचं कार्ड कोणाकडेच नसतं, पण छेदात तो मोजला जातो. हजार जणांची यादी धरून ५१० कार्डं जमवली आणि यादी अकराशेची निघाली, तर अर्ज फेटाळला जातो आणि पुढचं वर्षभर परत अर्ज करता येत नाही. म्हणून जाणती माणसं ५० टक्क्यांवर थांबत नाहीत, ६०-६५ टक्क्यांपर्यंत जातात.

कार्डं पुरली तर मतदान फोनवर किंवा इंटरनेटवर, गुप्त. मतपत्रिकेवर नवी युनियन, जुनी युनियन, 'कोणीच नको' हे पर्याय असतात आणि मनातलं चौथं नाव लिहायची सोयही. २०१० पर्यंत नियम असा होता की यादीतल्या निम्म्याहून अधिकांनी प्रत्यक्ष मत दिलं तरच युनियन. जो मत द्यायला आला नाही, तो विरोधात धरला जाई. २०१० मध्ये बोर्डाने तो बदलून झालेल्या मतांचं बहुमत पुरेसं केलं. विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. निकाल लागला की जिंकलेल्या युनियनला दोन वर्षं कोणी आव्हान देऊ शकत नाही. जुना करार तसाच चालू राहतो, सिनिऑरिटीला धक्का लागत नाही, आणि करारात तसं कलम असेल तर वर्गणी सगळ्यांना, अगदी टेक्साससारख्या 'राइट-टू-वर्क' राज्यातसुद्धा, जिथे एरवी वर्गणीची सक्ती करता येत नाही.

आता आपल्या संहितेकडे या. एकाहून अधिक युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकमेव वाटाघाटी युनियन. तसं कोणी नसेल तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून परिषद. मस्टरवरचे ५१ टक्के म्हणजे रजेवरचा, आजारी, घाबरलेला, उदासीन असा प्रत्येक जण छेदात. अमेरिकेने जो नियम २०१० मध्ये टाकून दिला, त्याच जातीचा हा नियम आपण आज आणतो आहोत आणि त्याला सुधारणा म्हणतो आहोत. परिषदेची पळवाट आहे हे मान्य, पण परिषदेत तीन युनियन बसल्या की कंपनीला चौथ्या कोणाची गरज उरत नाही. पाठिंबा मोजायचा कसा, हे संहितेने नियमांवर सोडलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अन्न महामंडळाच्या खटल्यात गुप्त मतदानाची पद्धत पायरीपायरीने आखून दिली होती. ती थेट कायद्याच्या कलमात घालायला कोणाची हरकत होती?

मुंबईच्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांचं भांडण फक्त बोनसचं नव्हतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रतिनिधी केलं होतं आणि कामगार उघडपणे दत्ता सामंतांच्या मागे होते. मालक म्हणाले, कायद्याने आम्ही फक्त संघाशीच बोलू शकतो. कामगारांनी तो कायदाच रद्द करा म्हटलं. एक धंदा, एक युनियन ही व्यवस्था तेव्हा होतीच की! नव्हतं ते मतदान. आणि आज व्हॉट्सॲपवरची तीच मंडळी मला सांगतात की युनियनच्या भांडणांनी गिरण्या बुडवल्या. कामगाराला विचारलंच नाही म्हणून काय बुडालं, तेही एकदा मोजा.

अमेरिकेचं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. इथले करार संपत नाहीत, फक्त 'दुरुस्तीयोग्य' होतात, आणि मध्यस्थीला वेळेची मर्यादा नाही. बोर्ड मोकळं सोडत नाही तोवर संप नाही. सोडल्यावरही ३० दिवस थांबायचं. साउथवेस्टच्या मेकॅनिकांचा २०१२ मध्ये खुला झालेला करार २०१९ मध्ये मिटला. आणि नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं उदाहरण कोणी काढलं तर मी ते टाळणार नाही. तिथे मेकॅनिकांनी आयएएम सोडून आम्फा आणली होती. २० ऑगस्ट २००५ ला सुमारे ४,४०० मेकॅनिक आणि सफाई कामगार संपावर गेले. कंपनीने बदली मेकॅनिक आधीच तयार ठेवले होते. पायलट कामावर राहिले, ज्यांना सोडून आलो त्या आयएएमचे लोकही कामावर राहिले, आणि आम्फाकडे संप निधी नव्हता. विमानं उडत राहिली, १४ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि बहुतेकांच्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. टीमस्टर्सचा प्रचारक आजही नॉर्थवेस्टचं नाव घेतो, आणि त्याने घ्यावंच. पण तो निर्णय त्या माणसांनी मतं देऊन घेतलेला होता. चुकीचा असेल, त्यांचा होता.

या व्यवस्थेची काळी बाजू वेगळीच आहे. जड तपासणीसाठी अमेरिकन विमानं एल साल्वाडोरला, मेक्सिकोला, चीनला जातात. तिथे पॅनल उघडणाऱ्या हातांना इथल्या मतदानात जागा नाही; बोर्डाची यादी देशाच्या सीमेवर थांबते. म्हणून इथल्या करारात पगाराच्या आकड्यापेक्षा कामाच्या व्याप्तीचं कलम आधी वाचायचं असतं: कंपनीने किती काम बाहेर द्यायचं, कोणत्या तपासण्या घरातच ठेवायच्या, आणि मर्यादा ओलांडली तर काय. ते कलम सैल असेल तर तासाला दोन डॉलर वाढवून घेणारी युनियन सभासदाच्या पायाखालचा हँगर विकते आहे, एवढं ओळखावं.

मला मत देण्याचा हक्क आहे तो इथल्या हँगरमध्ये. बोर्ड नागरिकत्व विचारत नाही, त्या वर्गात काम करता का एवढंच बघतं. अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नसलेला ग्रीन कार्डवाला आपल्या युनियनच्या निवडणुकीत मात्र शेजारच्या बेंचवरच्या टेक्सनइतकाच मोजला जातो. परदेशात आपलेपणा म्हणतात तो मला सगळ्यात जास्त इथे मिळाला, हे कबूल करताना जरा जड जातं. मुंबई-नागपूरच्या हँगरांबद्दल मी एवढ्या तावाने लिहितो, पण तिथल्या कुठल्याच मस्टरवर माझं नाव नाही. तिथली माणसं म्हणू शकतात, तुला काय पडलंय. पडलंय. काम तेच आहे, मॅन्युअल तेच आहे, विमानं तीच आहेत.

जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे तंत्रज्ञ पगाराच्या मुद्द्यावर एकगठ्ठा आजारपणाच्या रजेवर गेले. बोलायला मान्य प्रतिनिधी नसला की मागणी डॉक्टरच्या चिठ्ठीतून येते. तेव्हा घरच्या वादात कोणत्या पक्षाचा झेंडा विमानतळावर लागणार हे जरा बाजूला ठेवा आणि नियम हातात आले की यादी कोणत्या तारखेची धरणार, ती बघायला कोणाला मिळणार, हे विचारा. कंत्राटदाराच्या मस्टरवरचा तंत्रज्ञ विमानाखाली रोज तेच काम करतो, त्याला मोजणार की नाही? आणि एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता? आपल्याकडे हातकाम तंत्रज्ञाचं, सही डीजीसीएचं लायसन असलेल्या एएमईची. संहितेत १८,००० रुपयांवर पगार घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' नाही. उद्या कंपनीने सही करणाऱ्या प्रत्येकाला पर्यवेक्षक ठरवलं, तर हँगरमधली सर्वांत जाणती माणसं मतदान सुरू होण्याआधीच यादीबाहेर जातील, आणि ५१ टक्के कोणाचे हे उरलेल्यांत ठरेल. एएमईंच्या संघटनांनी आपल्या नेमणूकपत्रांतला पदाचा आणि कामाच्या स्वरूपाचा मजकूर आत्ताच वकिलाकडून तपासून घ्यावा. यादी लागल्यावर हरकतीला किती दिवस मिळतील, त्याचा भरवसा धरू नये.