पाऊस न पडणाऱ्या गोव्यासाठी गृहसजावट

घर नव्याने सजवण्याचा विचार तुम्ही करत असाल, तर आपण गोव्यात राहतो ही गोष्ट सर्वप्रथम मनातून काढून टाका. मोबाइलवर दिसणारे अंतर्गत सजावटीचे सुंदर नमुने ज्या प्रदेशातून येतात, तिथे भिंतींना ओल धरत नाही, लाकडाला वाळवी लागत नाही, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी चढत नाही आणि घरात कोणी बांगडे भाजत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो, वाळपई आणि सांगे भागात त्याहूनही अधिक पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो, ही माहिती हवामान खात्यापुरतीच राहू द्यावी. डिझायनरला ती सांगून त्याच्या कल्पनाशक्तीवर पाणी फिरवू नये.

सुरुवात छतापासून करावी. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले आपल्या छपरांवर बसली आहेत. त्यांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते आणि उतारावरून पाणी खाली ओघळते, एवढेच काय ते त्यांचे कर्तृत्व. असले छप्पर पाहुण्यांना दिसणे बरे नव्हे. म्हणून त्याच्याखाली जिप्समचे फॉल्स सीलिंग लावावे, त्यात गोल दिवे बसवावेत आणि कडेने निळी एलईडी पट्टी फिरवावी. एखादे कौल सरकले, तर वर काय गळते आहे हे कळायला आता सोपे जाते, कारण नेमक्या त्याच जागी तपकिरी नकाशा उमटतो. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी कुठे बांधायची, हा प्रश्न घरातील एखादी वृद्ध व्यक्ती विचारील. नारळांचे घड, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे आणि कवंडळे यांनी लगडलेली ती लाकडी चौकट पत्र्याच्या पातळ पट्ट्यांवर लोंबकळणाऱ्या छताला पेलवत नाही, आणि वाशांना ठोकलेल्या जुन्या कड्या तर डिझायनरने ‘व्हिज्युअल क्लटर’ म्हणून सीलिंगच्या वर गाडून टाकलेल्या असतात. वृद्ध व्यक्तीला सांगावे की आमच्या गणपतीला यंदापासून मिनिमलिझम आवडतो.

स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडून भिंत पाडून घ्यावी, म्हणजे सुंगटे, अर्थात कोळंबी, तळली की सोफ्यालाही कळते.

दारापुढच्या बाल्कांवाला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवून तो बंद करावा. दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून रस्त्याने जाणाऱ्याशी बोलण्याचे दिवस गेले. आता तिथे एसी लावून आतून पावसाचे व्हिडिओ काढता येतात.

जुन्या खिडक्यांचे काय करावे, याबद्दल पुष्कळ जणांना शंका असते. काच दुर्मीळ होती त्या काळी आपल्या लोकांनी शिंपल्याचे चपटे, अर्धपारदर्शक तुकडे तासून लाकडी चौकटीत बसवले, आणि त्यांतून झिरपणारा उजेड डोळ्यांना खुपत नाही म्हणून ती तावदाने काच आल्यानंतरही पुष्कळ घरांत टिकली. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे एकदा काढलेली खिडकी पुन्हा तशीच करून मिळणे कठीण. म्हणूनच ती ताबडतोब काढावी. भंगारवाला ती तराजूत घालून नेतो, तिथून ती जुन्या वस्तूंच्या दुकानात जाते, तिच्यावर काच आणि खाली लोखंडी पाय बसतात, आणि आसगावच्या एखाद्या व्हिलात ती कॉफी टेबल म्हणून मिरवते. तुम्ही त्याच व्हिलाचे फोटो पाहून तसलेच टेबल मागवावे. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी लाखेच्या रंगांत रंगवलेला आजीचा पाटही याच वाटेने पाठवता येतो. त्याच्या जागी प्लास्टिकची मोरोक्कन नक्षी फार शोभते.

पावसात कपडे वाळत घालण्यासाठी घरात जागा ठेवू नये. चार महिने कपडे वाळतच नाहीत, मग जागेची नासाडी कशाला?

स्वयंपाकघराचे काम मात्र मे महिन्यातच उरकून घ्यावे, कारण मे महिन्यात प्रत्येक फळी वॉटरप्रूफ असते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या फोंड्याच्या घरातले स्वयंपाकघर याच उन्हाळ्यात ‘मॉड्युलर’ झाले. ते करणारा गृहस्थ टॅब्लेट घेऊन आला आणि त्याने एक त्रिमिती चित्र दाखवले. त्या चित्रात ओट्यावर काचेच्या भांड्यात पिवळी लिंबे होती, कुंडीत कसलेसे परदेशी झाडही होते, पण नारळ एकही नव्हता. नारळ खवायची आदोळी घेऊन बसायचे कुठे, असे मी विचारले. “मॅडम, किसलेले खोबरे आता पाकिटात मिळते ना,” असे उत्तर मिळाले. मेमध्ये भरून ठेवायचे पुरुमेंत, म्हणजे तांदूळ, सुक्या मिरच्या, सोले, खारे, हे सगळे कुठल्या खणात जाईल, असेही विचारले. त्यावर त्याने एक खण ओढून दाखवला; तो मसाल्याच्या बारा बाटल्यांसाठी होता आणि त्या बाटल्या त्याच्याकडूनच घ्यायच्या होत्या.

असो, आवडीनिवडी निराळ्या असू शकतात. परंतु कोटेशनवर स्पष्ट छापले होते: मरीन प्लाय, आयएस ७१०. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा भारतीय मानक क्रमांक आहे. या प्लायचे थर फिनॉल फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात आणि चाचणीसाठी तिचा तुकडा तब्बल ७२ तास पाण्यात उकळतात. तरीही थर सुटता कामा नयेत. जी फळी तीन दिवस उकळत्या पाण्यात तग धरते, तिला माझ्या सिंकखालची ओल कशी सोसवली नाही, हे कोडे मला आषाढात पडले. प्रथम कपाटाचे दार बसेनासे झाले. मग तळाची फळी मधोमध फुगली, कडेची पट्टी सुटून लोंबू लागली, आणि आत जे काही होते ते मी चमच्याच्या दांड्याने उकरून पाहिले तेव्हा हातात ओला भुसा आला. त्यात थर नव्हते, लाकडाची शीरही नव्हती. होता तो डिंकात दाबलेला भुसा. वरून मात्र अक्रोडाच्या लाकडासारखा दिसणारा सनमायका अजूनही तसाच चकचकीत होता, आणि तोच तर यातला खरा धंदा आहे, कारण माल कारखान्यातून चारी कडा झाकूनच येतो आणि गिऱ्हाइकाला आतले दिसण्याची सोयच ठेवलेली नसते.

मी फोटो पाठवले. उत्तर आले: “मॅडम, गोव्यात ह्युमिडिटी फार आहे हो.”

जणू ही ह्युमिडिटी मी घाटावरून गाठोड्यात बांधून आणली होती! जणू हा गृहस्थ परवाच राजस्थानातून उतरला होता! तो याच तालुक्यात वाढला, याच पावसात भिजत शाळेत गेला, त्याच्या स्वतःच्या आईच्या घरी फणसाच्या लाकडाची पेटी असेल आणि ती अजून शाबूत असेल, आणि तो मला सांगतो की गोव्यात दमटपणा असतो. मग त्याने मला दमटपणा शोषणारे यंत्र विकत घेण्याचा सल्ला दिला, म्हणजे त्याची भुशाची फळी सुकी राहावी म्हणून विजेचे बिल मी भरायचे. मी दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद काढला. त्यात पाण्याने झालेले नुकसान धरले जाणार नाही, वाळवीने झालेले धरले जाणार नाही आणि ‘अयोग्य वापराने’ झालेले धरले जाणार नाही, असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. सिंकखाली पाणी येणे हा अयोग्य वापर ठरत असेल, तर सिंक दिवाणखान्यात शोभेसाठी लावायचा होता की काय, हे त्याने आधी सांगायला हवे होते.

सल्ले पुढे चालू ठेवण्याचा माझा विचार होता. वॉलपेपर, गालिचे, बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवलेली वॉर्डरोब, या सर्वांबद्दल बरेच काही लिहिता आले असते. पण आता नाटक पुरे झाले.

ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांना मी सरळ विचारते: तुम्हाला इथला पाऊस माहीत नाही की माहीत असूनही तुम्ही फसवता? चिऱ्याची भिंत पाणी पिते, हे गावातल्या कुठल्याही मेस्ताला विचारा. तो कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे उभे करतो आणि पाठीमागून हवा खेळू देतो. तुम्ही ते भिंतीत खिळ्यांनी ठोकता आणि मग ऑगस्टमध्ये साड्यांना बुरशी आली की गिऱ्हाइकाला कापूर ठेवायला सांगता. किनाऱ्यालगतच्या घरांत साधे ३०४ दर्जाचे स्टीलही खाऱ्या हवेने डागाळते, तिथे ३१६ लागते. तुम्ही त्याहूनही हलके बिजागर लावता आणि गंज दिसला की त्याला ‘रस्टिक लुक’ म्हणता. एमआर, म्हणजे ‘मॉइश्चर रेझिस्टंट’, दर्जाची प्लाय ही फार तर हवेतला ओलावा सोसते, पाणी सोसत नाही, आणि हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असूनही तुम्ही ती सिंकखाली घालता. याला कल्पकता म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

आणि तुम्ही, हे वाचणारे! चांदरचे मेनेझिस ब्रागांझांचे घर पाहायला तुम्ही पाहुण्यांना हौसेने घेऊन जाता, तिथल्या जुन्या खुर्च्यांसमोर उभे राहून “तेव्हाचे काम काय मजबूत होते” असे म्हणता, आणि घरी परतल्यावर आजोबांचे शिसवी कपाट माळ्यावर टाकून भुशाची वॉर्डरोब हप्त्यांवर आणता. ते कपाट कधी उघडून पाहिले आहे का तुम्ही? त्याला पाय आहेत, खाली झाडू फिरतो, पाठीला जाळी आहे, म्हणजे ज्याने ते केले त्याने पाऊस गृहीत धरला होता. फळीची एक कड उघडी ठेवून दाखव, असे सुताराला सांगण्याची तुम्हाला लाज वाटते. फळीवर मारलेला आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक माल कापण्यापूर्वी बघावा, हे तुम्हाला सुचत नाही, पण हँडल सोनेरी हवे की मॅट काळे यावर तुम्ही आठवडाभर वाद घालता. शेवटचा हप्ता मे महिन्यातच देऊन टाकता, एक पाऊस तरी जाऊ दे म्हणत नाही, आणि नंतर ओल आली की तीच ह्युमिडिटीची सबब शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवून त्या माणसाचीच बाजू घेता. माझ्या शेजारणीने कालच मला सांगितले की आमच्याकडेही फुगले, पण काय करणार, गोव्यात चालायचेच. का चालायचे? रोख पैसे मोजले आहेत, फुकट नाही बसवून घेतले.

माझ्या सिंकखालच्या फळीसाठी त्याने आता नवे कोटेशन पाठवले आहे आणि वाहतुकीचा खर्चही माझ्याच माथी मारला आहे. त्यावर पुन्हा ठळक अक्षरांत ‘मरीन प्लाय, आयएस ७१०’ असेच छापलेले आहे. त्यातला एक पैसाही त्याला मिळणार नाही, आणि ती भुशाची फळी मी पिशवीत भरून ठेवली आहे. ग्राहक आयोगात ती तशीच टेबलावर ओतणार आहे.