अर्धा दिवस पुरत नाही

‘अंबाबाई, रंकाळा, मिसळ, कोल्हापूर अर्ध्या दिवसात होतं, मग गोव्याला निघा’ हे कोल्हापूरच्या पर्यटनावरच्या लेखातलं वाक्य मनाला लागलं. हे शहर गाडीतून उतरून चालल्याशिवाय कळतच नाही. खासबागेत कुस्तीच्या रिकाम्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसा. 1912 च्या या आखाड्याची उतरती रचना अशी आहे की शेवटच्या रांगेतल्यालाही कुस्ती दिसते, आणि शेजारीच नाट्यगृह, जे 2024 साली आगीत जळालं. कुस्ती आणि नाटक एकाच आवारात, हेच कोल्हापूर! शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. 1902 साली नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवणारा हुकूम याच संस्थानात निघाला. पर्यटकाला हे कुणीच का दाखवत नाही?

आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेतो. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध हातात येतं. नंतर टाऊन हॉल संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. पंचगंगेकाठी समुद्राचा ग्रीक देव, म्हणजे इथला व्यापार किती लांबवर पोचला होता बघा. लेखात तिचा उल्लेख हवाच होता.