'कुठलीही लेन्स चालते' म्हणणाऱ्यांनी एकदा राजहंसगडावर यावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो तिघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: इन्फ्रारेड करून घेतलेल्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्याला त्याच्या माउंटवर (लेन्स अडकवायच्या कड्यावर) बसणारी कुठलीही लेन्स चालते, जेवढी महाग तेवढी चांगली, फोकसची धास्ती वाटली तर एफ/१६ ठेवा (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान), मधे डाग आला तर फोटोशॉपमध्ये काढा, आणि इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच, त्यामुळे अंधारातही फोटो येतो.

शेवटचं आधी घेतो, ते पटकन संपतं. आपण टिपतो ते जवळचं इन्फ्रारेड, साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरचं. उन्हातला हा भाग पानांच्या आतल्या पेशींवरून परत फिरतो, म्हणून ऊस दुधासारखा पांढरा दिसतो. पान तापलंय म्हणून नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे बहुतेक ८ ते १४ मायक्रोमीटरवर चालतात. तिथे साधी काच भिंतीसारखी, म्हणून त्यांना जर्मेनियमच्या लेन्स लागतात. आपल्या लेन्समधून ती उष्णता आतच येत नाही.

आता 'कुठलीही लेन्स'. माझ्या जुन्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून ७२० नॅनोमीटरची, म्हणजे साधारण त्यापुढचाच उजेड आत सोडणारी फिल्टर-काच बसवून घेतली, तेव्हा मीही हेच मानत होतो. मित्राची ५० मिमी घेतली आणि भर दुपारी आम्ही दोघं बेळगावजवळच्या राजहंसगडावर. काळ्या दगडाचा बुरूज, खाली येळ्ळूरची भातशेती. एफ/२.८ ला फोटो स्वच्छ. एफ/८ ला मधोमध फिकट धब्बा. एफ/१६ ला चक्क गोल, कडा दिसणारा, बुरुजावर कुणी टॉर्च मारल्यासारखा. मित्र म्हणाला, "ऊन पडालंय काय रे लेन्सवर?" मी वरून टोपी धरली, मग पाठ करून सावलीत उभा राहिलो. धब्बा जागचा हलेना. याच लेन्सवर त्यानं कितीतरी लग्नं काढलीत, एक तक्रार नाही.

लेन्सच्या भिंगांवरचं कोटिंग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडासाठी बेतलेलं असतं, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यापलीकडे ते नीट काम करेलच असं नाही. उजेड भिंगाभिंगांत आणि सेन्सरवर आपटून परत फिरतो. आतला काळा रंगही आपल्याला काळा दिसतो, इन्फ्रारेडला तो चकचकीत असू शकतो. छिद्र लहान केलं की हा भरकटलेला उजेड मधे गोळा होऊन आकार घेतो. यात किमतीचा संबंध कुठे आला? महाग लेन्समध्ये भिंगं बहुधा जास्त, म्हणजे परावर्तनाच्या जागाही जास्त. माझी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, जी मी कपाटात टाकून दिली होती, एफ/११ पर्यंत स्वच्छ निघाली. चांगल्या-वाईट लेन्सच्या याद्या इंटरनेटवर आहेत, त्या जरूर बघा. पण धब्बा कॅमेऱ्यावर आणि बसवलेल्या फिल्टरवरही ठरतो, त्यामुळे ७२० ला पास झालेली लेन्स ८३० ला पास होईलच असं नाही.

आणि हो, लेन्स दुकानात तपासू नका. बेळगावच्या खडे बाजारात एलईडी ट्यूबखाली उभं राहून तुम्ही काहीच तपासत नाही; त्या उजेडात जवळचं इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच. बाहेर उन्हात या, पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश धरा, एफ/२.८ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो घ्या. मग कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट चढवा. लपलेला धब्बा तिथे वर येतो.

एफ/१६ चा सल्ला तर दुहेरी नुकसानीचा. धब्बा ठळक होतो तो होतोच, शिवाय फोटो मऊ पडतो. तरंगलांबी जास्त तेवढं विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, जास्त: एफ/१६ ला हिरव्या उजेडाचा ठिपका सुमारे २१ मायक्रोमीटरचा, तर ८०० नॅनोमीटरचा सुमारे ३१. फोकसचा प्रश्न खरा आहे, इन्फ्रारेड थोडं वेगळ्या ठिकाणी जुळतं. पण त्याला उत्तर वेगळं. मिररलेस सेन्सरवरच फोकस करतो, त्याला ही कटकट नाही. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या पडद्यावर सेन्सरचंच चित्र बघून फोकस करा. जुन्या मॅन्युअल लेन्सच्या रिंगवर लाल खूण असते ती याचसाठी: आधी नेहमीसारखं फोकस करा, जे अंतर येईल ते त्या खुणेसमोर आणा.

राहिलं फोटोशॉप. मोकळ्या आकाशातला फिकट धब्बा निघतो, मीही काढलाय. पण राजहंसगडच्या त्या फोटोत तो बुरुजाच्या दगडांवर होता, एकेका दगडाची कड पुसून बसलेला. मित्र रात्री दोन तास झटला. शेवटी "सोड की", म्हणाला, आणि दुसऱ्या रविवारी माझी १८-५५ मागून घेऊन पुन्हा गड चढला.