दोन बोटं आत गेली म्हणजे दोरी सेफ, हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की जपानी दोरीकाम, म्हणजे शिबारी (माणसाला दोरीने बांधायची कला), शिकायला शिक्षक वगैरे लागत नाही, व्हिडिओ बघा, दोरीखाली दोन बोटं गेली आणि हाताचा रंग नॉर्मल असला की झालं. हे चुकीचं आहे आणि यातून खरंच इजा होते.

बोटं आणि रंग यावरून फार तर रक्तप्रवाह कळतो, खरी भीती नर्व्हची. दंडात रेडियल नर्व्ह हाडाला अगदी लागून जाते आणि ताकाते कोते प्रकारात, हात पाठीमागे घेऊन बांधतात त्यात, दोरी बरोब्बर दंडावरून जाते. तिथे दाब बसला तर हात गरम, गुलाबी असतानाही मनगट लुळं पडू शकतं आणि बरं व्हायला आठवडे, कधी कधी महिने जातात. म्हणून मधूनमधून समोरच्याला मनगट पंजाच्या पाठीकडे वळवायला सांगायचं, आपण उलट दिशेने हलकं दाबून बघायचं, जोर कमी लागला किंवा अंगठ्याच्या मागे बधिर वाटलं की गाठी सोडत बसू नका, सरळ बोथट टोकाची कात्री घ्या आणि कापा, 8 मीटर ज्यूट परत विकत मिळतं हो.

दोरी नेमकी कुठे आणि किती ताणलेली आहे हे शिक्षक हात लावून तपासतो, व्हिडिओ नाही. पण खाजगी शिकवणी म्हणजे शिक्षकाला मोकळं रान नव्हे, कुठे हात लागणार ते आधी ठरवा, आणि ओळखीचं माणूस सोबत आणायला नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.